लीलाताई आणि मधला पुर्जा

लीलाताई मोहित्यांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि गणपतीतल्या गाण्याची निवड मराठी मंडळानं त्यांच्याकडे दिली ती नेमकी याच गुणासाठी.

ग्वाल्हेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं कानाला हेडसेट लावून काढली होती. ट्रंककॉल जोडायचा, "बोलिए, पार्टी लाइन पर है" म्हणायचं, आणि सोडून देण्याआधी क्षणभर ऐकायचं. आवाज पोचतोय का, खरखर आहे का, आणि मधे तिसरं कुणी श्वास घेतंय का. नोकरी संपली, पण ते क्षणभर थांबणं काही संपलं नाही. भाजीवाल्यानं "ताजी है माताजी" म्हटलं की त्या थांबत. औषधाच्या दुकानात पट्टी उलटसुलट करून तारीख बघत. समोरच्यांनी दारावर कॅमेरा बसवला तेव्हा त्या सरळ जाऊन विचारून आल्या, "याचं तोंड माझ्या जिन्याकडेच का?"

स्मार्टफोन त्यांनी घेतलाच नाही. "तो ऐकतो," त्या म्हणत. "मी मंदाताईंकडे झाडूचं बोलले, तर त्यांच्या फोनवर झाडूच्या जाहिराती. हे काय चांगलं लक्षण आहे?"

म्हणून भाच्यानं, म्हणजे धाकट्या भावाच्या अंशुलनं, आपला जुना म्युझिक प्लेयर आणून दिला, तेव्हा आधी उलटतपासणी झाली.

"यात सिम आहे?"

"नाही, आत्या."

"नेट?"

"काहीच नाही. सिर्फ गाणी. कार्ड टाकायचं अन् ऐकायचं."

"मग तू मला का देतोयस?"

"मी नवीन घेतला ना!"

"तर जुना विकायचा."

"आत्या, प्लीज. रख लो. तुला गाणं आवडतं म्हणून देतोय, बम थोडी ना आहे त्यात."

अंशुल सिटी सेंटरमधल्या एका कंपनीत कामाला होता आणि पगारातला बराच भाग कानात घालायच्या वस्तूंवर उडवत होता. त्यानं सोबत इयरफोनही दिले, कानात खोल बसणारे, नखाएवढे. "एकेका कानात चार-चार बारके स्पीकर आहेत, आत्या. मख्खी पण चालली तर ऐकू येईल." लीलाताईंनी ते सगळं आठवडाभर लोकरीच्या शालीखाली ठेवलं, आणि काही वाईट घडत नाही अशी खात्री झाल्यावरच बाहेर काढलं. मग मात्र दुपार झाली की पंखा बंद करून, पाय वर घेऊन त्या ऐकत बसत. रविवारी अंशुल यायचा, नवी गाणी भरून द्यायचा, पोहे खाऊन जायचा. एवढ्या मोठ्या गावात हक्कानं येणारा तेवढा एकच.

तर गणपतीचं असं होतं. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी मंडळातल्या एका मुलीनं पेटी-तबल्याच्या साथीनं नाट्यपद म्हणायचं, ही जुनी रीत. त्या संध्याकाळी जी गाते तिला पुढं वर्षभर लोक "ती गणपतीत गायलेली" म्हणून ओळखतात. साहजिकच दरवर्षी भांडणं. परीक्षक कुणाच्या मावशीची नणंद निघे, कुणी कुणाच्या घरी जेवून आलेला असे. शेवटी सेक्रेटरी मंदाताई म्हणाल्या, "लीलाला द्या. ती सगळ्यांवर सारखाच शक घेते."

लीलाताईंनी नियम घातले. सगळ्या मुलींनी एकच पद म्हणायचं. घरीच, मोबाईलवर रेकॉर्ड करून, तंबोऱ्याच्या एकाच साथीवर. नावं फक्त मंदाताईंना ठाऊक. लीलाताईंच्या हाती येईल ते कार्ड, त्यात नुसते नंबर.

"अन् मंदाताई, नावं कागदावर उतरवायची नाहीत."

"अगं, मी विसरले तर?"

"विसरलात तर उत्तमच."

कार्ड हाती आलं त्या दिवशी त्यांनी आठांपैकी पहिल्या चार मुली ऐकल्या. पद सुरू व्हायच्या आधी, दोन ओळींच्या मधे, जिथं शांत हवं तिथं कानात बारीक सूंऽऽ वाजत होतं. जसं दूर कुठंतरी कुकरची शिट्टी अडकून बसावी. एरवी भरगच्च वाद्यमेळात ते कधी जाणवलं नव्हतं. नंबर दोनची मुलगी सुरात होती, पण हळू गायची, मधे लांब थांबायची, आणि प्रत्येक थांब्यात ती सूं भरून यायची. लीलाताईंनी मनाशी निकाल दिला. आवाज कोंदट, श्वास वाजतो. नाही चालणार.

मग लँडलाइनवरून अंशुलला फोन लावला. "तुझ्या या डबीत कुणीतरी आहे."

"कौन है?"

"सारखं सूं करतंय. चार मुली ऐकल्या, चारींच्या गाण्यात."

"अगं ती हिस् आहे, आत्या. तुझे इयरफोन फार नाजूक, प्लेयर ताकदीचा. त्याची स्वतःची खरखर पण तुला ऐकू येते. एक अडॅप्टर मिळतो, मधे लावायचा. परवा आणतो."

"मधे?" लीलाताईंचा आवाज बदलला. एक्स्चेंजमध्ये लाइनच्या मधे काही बसवलं जाणं म्हणजे कुणीतरी चोरून ऐकणं, हे त्यांनी पाहिलं होतं.

अडॅप्टर आला. बोटाच्या पेराएवढा. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला भोक. प्लेयर आणि इयरफोन यांच्यामधे बसायचा. अंशुलनं तो लावून दाखवला. सूं गायब.

"आवाज हळू येईल, थोडा वाढव. अन् ऐक, हा लावला की आवाजाचा ढंग पण बदलतो. तर पहिल्या चार झाल्यात ना ऐकून? त्या परत ऐक. नाहीतर नाइन्साफी होईल."

इथं लीलाताई थांबल्या. त्यांची ती सवय.

परत? पहिल्या चारच का? या पोराला निवडीशी काय करायचंय? त्या चारांत याचं कुणीतरी आहे, दुसरं काय! नापास झालेलीला परत आत घ्यायचा हा रस्ता आहे.

तोंडानं म्हणाल्या, "बघू."

तो गेल्यावर त्या रिक्षा करून नई सडकेवर गेल्या. तिथं संग्रामसिंहचं रेडिओ आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान. त्यानं तो तुकडा मीटरला लावला, पालथा केला, हसला.

"जिज्जी, इसमें जासूस नहीं बैठा. रेजिस्टर है. आवाज को रोकने का पुर्जा."

"सुनता तो नहीं?"

"अरे ये बेचारा तो बहरा है!"

"रोकता है, बस?"

"बस."

लीलाताईंचा जीव भांड्यात पडला. रोकने का पुर्जा, म्हणजे पॅड! एक्स्चेंजमध्ये एखादी लाइन फार जोरात आली की इंजिनियर लोक तिच्यावर पॅड बसवत. आवाज खाली येई, पण बोलणारा माणूस तोच राही. पॅडमुळे कधी कुणाच्या आवाजाचा ढंग बदललाय? म्हणजे अंशुल थाप मारत होता. पहिल्या चार परत ऐकायच्या नाहीत, हे त्यांनी रिक्षातच पक्कं केलं.

पुर्जा लावून उरलेल्या चार ऐकल्या. काय स्वच्छ! नंबर सातनं तर दुपार उजळून टाकली. तान अशी की सुपारी फुटावी. लीलाताईंनी मंदाताईंना फोन केला, "सात."

"नक्की?"

"मी कधी अनक्की बोलते?"

"वा! चला, सुटले मी," मंदाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या "सुटले"मध्ये एक खुशी होती ती लीलाताईंनी टिपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आता काम नाही, नुसतं सुखासाठी म्हणून त्यांनी पुन्हा सात लावला. पद संपलं. एरवी त्या तिथंच बंद करत. त्या दिवशी चहाचा कप हातात होता म्हणून राहिलं. तंबोरा थोडा वाजत राहिला, थांबला. मग शांतता. आणि त्या शांततेत, फार लांबून, कुणीतरी कुजबुजलं,

"हां... बस. हो गया."

लीलाताईंनी कप खाली ठेवला.

मागं घेतलं. पुन्हा. "हां... बस. हो गया." त्या "हां"मधे शेवटी नाकातून येणारा एक झोल होता. मोहित्यांच्या घरात तीन पिढ्या तो झोल आहे. लीलाताईंच्या वडिलांना होता, भावाला आहे.

अंशुल.

मग एकेक गोष्ट रांगेत येऊन उभी राहिली. प्लेयर यानं दिला. इयरफोन यानं दिले. पुर्जा यानं आणला, आणि पुर्जा आल्यावरच सातचा आवाज चकाकला. पहिल्या चारांवर सूं, पुढच्या चारांवर पुर्जा! पोहे खात खात या पोरानं आपल्या कानात हात घातला. आणि त्यांनी स्वतःच्या तोंडानं मंदाताईंना "सात" म्हणून सांगितलं होतं. उद्या हे बाहेर आलं तर? लीलानं भाच्याच्या ओळखीच्या पोरीला दिलं, असं लोक म्हणणार. ज्या लीलाला आजवर कुणी एक वेलदोडा चारू शकलं नाही, तिला.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती, आणि ती त्यांना नीट दिसत होती. तो रविवारी येणार होता. तो जर असा निघाला, तर रविवार कुणाचा?

तो आला. लीलाताईंनी पोहे पुढं ठेवले, लिंबू पिळलं, आणि सापळा लावला.

"नंबर दोन फार गोड गाते रे. तिलाच देणार आहे."

त्यांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर. तो घास चावत होता. "अच्छा? मग परत ऐकल्यास तू पहिल्या चार?"

"तुला का त्यांची एवढी पडलीय?"

"मला कुणाची नाही पडली. पण अर्ध्या अशा, अर्ध्या तशा, ये तो गलत है ना."

"कोण आहे तुझी त्या चारांत?"

"कुणी नाही!"

"अन् बाकीच्या चारांत?"

घास थांबला. लीलाताईंनी इयरफोन पुढं केले. त्यानं कानात घातले. त्यांनी बटण दाबलं आणि त्याचा चेहरा कपाळापासून खाली लाल होत जाताना बघितला.

"आत्या..."

"नाव."

"सोनल. आत्या, सुन तो. मी फक्त फोन धरला होता तिच्यासमोर. रेकॉर्डिंग करायला. बस."

"किती दिवस चाललंय?"

"दोन वर्षं."

"आणि मला आज कळतंय. तेसुद्धा कानातून."

"तू शक करशील म्हणून नाही सांगितलं! तू परीक्षक झालीस तेव्हा तर सोनलच म्हणाली, आता तर बिलकुल नाही सांगायचं."

"म्हणजे दोघं मिळून."

"मिळून काय?" अंशुलनं बशी बाजूला सारली. "आत्या, जरा विचार कर. मला तिला जिंकवायचं असतं तर तो अडॅप्टर मी कशाला आणला असता? त्या खरखरीत माझी कुजबुज तुला जन्मात ऐकू आली नसती. अन् सोनल सात नंबर आहे, मंदाताईंनीच तो तिला दिला. मी तुला काय सांगितलं होतं? पहिल्या चार परत ऐक. तिच्यापुढं चार जणी परत उभ्या करायला मीच सांगितलं ना!"

लीलाताईंनी बोटांवर मोजून पाहिलं. हिशोब सरळ होता आणि त्यांनी तो उलटा मांडला होता.

"पण तो पुर्जा तर पॅड आहे," त्या हट्टानं म्हणाल्या. "पॅडनं ढंग बदलत नाही."

"तुझ्या लाइनवर नसेल बदलत. इथं एकेका कानात चार स्पीकर आहेत. पंगत बसलीय असं समज. प्रत्येकाची भूक वेगळी. वाढपी मोकळा असला की ज्याला जेवढं हवं तेवढं मिळतं. मधे कुणी आडवं बसलं की कुणाच्या पानात कमी पडतं, कुणाच्या जास्त. हे घे, ऐक."

त्यानं नंबर दोन लावला. आधी नुसता, मग पुर्जा लावून. तेच पद, तीच मुलगी. पहिल्यांदा आवाज गोधडीआडून आल्यासारखा, खालचा तंबोरा फुगलेला, मधे सूं. दुसऱ्यांदा गोधडी बाजूला झाली. आणि जिथं लीलाताईंनी "श्वास वाजतो" म्हटलं होतं तिथं श्वास नव्हताच. तिथं ती मुलगी नुसती थांबत होती, शब्द खाली बसू देत होती.

"आता?" अंशुल म्हणाला.

लीलाताईंनी कानातले इयरफोन काढले. त्यानं चप्पल घातली.

"पोहे टाकून चाललास?"

"तू नुसतं विचारलं असतंस ना आत्या, कोण आहे म्हणून, तर मी सांगितलं असतं."

"विचारलं असतं तर खोटं बोलला असतास."

"बस, हेच," तो म्हणाला आणि जिना उतरला.

पुढचे दोन दिवस लीलाताई ऐकत होत्या. सगळ्या आठ, सगळ्या पुर्जा लावून, आवाज एकाच खुणेवर. उलट्या क्रमानं, सुलट्या क्रमानं. एकदा तर डोळे मिटून, प्लेयर वाटेल ती लावील असं करून. पण जन्मभर आवाज ओळखायचीच नोकरी केलेल्या बाईला डोळे मिटून काय फरक पडतो! प्रत्येक वेळी दोन नंबर एक केसभर पुढं येत होती. आणि प्रत्येक वेळी त्या स्वतःला तेच विचारत होत्या, ही पुढं येतेय की अंशुलवरच्या रागानं मी सातला मागं ढकलतेय? हजारो लाइनी तपासल्या, पण ही एक लाइन तपासायला बाहेर कुणी ऑपरेटर नव्हती.

शेवटी पुन्हा दोन निघाली. त्या उठून मंदाताईंकडे गेल्या.

"सात नाही. दोन."

मंदाताई भाजी निवडत होत्या. त्यांच्या हातातली मेथी तशीच राहिली. "अगं, मी कालच त्या पोरीच्या घरी सांगून मोकळी झाले! तिच्या आईनं पेढे वाटले."

"चूक माझी आहे. मी अर्ध्या मुली एका कानानं ऐकल्या अन् अर्ध्या दुसऱ्या." त्यांनी प्लेयर काढला, पुर्जा काढला, सगळं समजावलं. मंदाताईंच्या कानात इयरफोन घातले. असं ऐका, आता असं ऐका.

मंदाताईंनी मन लावून ऐकलं. "मला तर दोन्ही सारखंच वाटतंय."

"सारखं? अहो, तंबोरा ऐका ना खालचा!"

"वाजतोय की." मंदाताईंनी इयरफोन काढून मेथीवर ठेवले आणि आवाज खाली आणला. "लीला, खरं सांग. हजीरा मोहल्ल्यातून कुणी आलं होतं का तुझ्याकडे?"

"हजीऱ्याहून? दोन नंबर हजीऱ्याची आहे?"

"आता मलाच विचारतेस!"

"मंदाताई, मला खरंच माहीत नव्हतं."

"बरं बाई. नव्हतं."

त्या "बरं बाई"चा अर्थ लीलाताईंना चांगला ठाऊक होता. आयुष्यभर त्यांनीच तो लोकांना ऐकवला होता. मग त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं, सातच्या शेवटी कुणाचा आवाज आहे तेसुद्धा. वाटलं होतं, एवढं खरं बोलल्यावर तरी माणूस सुटतो. मंदाताईंचे डोळे आणखीच बारीक झाले.

"म्हणजे भाच्याच्या मैत्रिणीला आधी दिलंस, अन् पकडली जाशील म्हणून काढून घेतलंस."

"तसं नाहीये."

"मी नाही म्हणत. लोक म्हणतील." त्यांनी पुन्हा मेथी हातात घेतली. "दोन तर दोन. गरिमा नाव आहे तिचं. मी तिच्या घरी सांगते, सोनलच्या घरीही मीच तोंड दाखवीन. पण पुढच्या वर्षी आपण दुसरं कुणी बघू, हं?"

दोन दिवसांनी सोनल स्वतःच आली. लीलाताईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. उंच, ओढणी घट्ट लपेटलेली, दारातच उभी.

"आत्या, मी सोनल."

"आवाजावरून कळलं. आत ये."

"नको. एकच विचारायचंय. मी अंशुलची आहे म्हणून तुम्ही मला काढलं का?"

"नाही."

"मग?"

लीलाताईंनी तोंड उघडलं. वाढपी, पंगत, गोधडी, सगळं ओठांवर आलं, आणि मंदाताईंच्या पुढ्यातली मेथी आठवून परत गेलं. "मी सांगितलं तर तुला पटणार नाही. तुझ्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं."

सोनल चप्पल काढून आत आली आणि तिनं हात पुढं केला. "द्या. मी ऐकते."

लीलाताईंनी प्लेयर तिच्या हातात दिला आणि पुर्जा वेगळा तिच्या तळहातावर ठेवला. कसं लावायचं ते सांगायची गरज पडली नाही. दोन वर्षं अंशुलबरोबर काढली होती तिनं. ती खुर्चीच्या काठावर बसली. आधी पुर्ज्याशिवाय दोन ऐकला, मग लावून. मग स्वतःचा सात. मग पुन्हा दोन. मधेच तिची बोटं गुडघ्यावर ताल धरत, मधेच थांबत. लीलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. या बघण्यात सापळा नव्हता. पण तो चेहरा काही केल्या वाचता येईना.

तिनं इयरफोन काढले.

"अंतऱ्यात ती थांबते ना," सोनल म्हणाली, "तिथं मी घाई केली."

"हं."

"पण दुसरी तान माझीच चांगली आहे."

"आहे," लीलाताई म्हणाल्या. "तिच्यापेक्षा खूप चांगली आहे."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"असं बोलायची मला सवय नाही गं. अंशुलला विचार."

सोनल हसली नाही. तिनं पुर्जा काढून टेबलावर ठेवला, ओढणी सावरली आणि उठली. दाराशी पोचल्यावर, पायात चप्पल सरकवता सरकवता मान न वळवता म्हणाली, "तो खाली गाडीपाशी उभा आहे. वर यायचं नाही म्हणतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. तुम्ही बोलवा."

लीलाताई गॅलरीत गेल्या. खाली तो हेल्मेट हातात घेऊन, त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. त्यांना वाटलं, हाक मारली तर येईल की नाही, हे आधी कळायला हवं. त्या नेहमीसारख्या क्षणभर थांबल्या. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी त्यांनी हाक मारली.